माझ्याविषयीची चिठ्ठी मीच पोचवली

पहिल्यांदा एक सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना कुणाच्या मनात किंतु नको. मी आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही. ना हातभट्टीची, ना विलायती, ना कुणाच्या लग्नात, ना शिमग्याला. हे असं सुरुवातीलाच लिहावं लागतं, याचाच मला राग येतो. टायफॉइड झालेला माणूस कधी असं लिहीत नाही. पण माझं लिव्हर सुजलं होतं, आणि लिव्हर सुजलेला खेड्यातला गडी म्हणजे दारुडा, हे शिकलेल्या लोकांनी आधीच ठरवून ठेवलेलं असतं.

मी किसन. मुळशीचा पोस्टमन. धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं ज्या वाड्या आहेत, तिथं खांद्याला थैली लावून टपाल पोचवायचं हे माझं काम. मराठी सातवी झालोय. ज्या डॉक्टरीणबाईंनी मला बरं केलं त्या म्हणाल्या, ‘लिहून काढा, तुमच्यासारखा दुसरा कुणी आला तर त्याला वाचायला देईन.’ म्हणून लिहितोय. गोडगोड लिहायला मला जमणार नाही, आणि गोडाचं तर नावच काढू नका.

हातावरचा गूळ

आमच्या भागात वाचता येणारी माणसं थोडी. त्यामुळं पत्र नुसतं हातात देऊन भागत नाही, ओट्यावर बसून वाचून दाखवावं लागतं. मुंबईला गेलेल्या पोराची खुशाली असली, लेकीला मुलगा झाला असला, की वाचणाऱ्याच्या हातावर गूळ ठेवायचा, अशी आमच्याकडची रीत. तो तिथंच, त्यांच्यासमोर खायचा. खिशात टाकलेला चालत नाही. नको म्हटलं तर घरच्या बाईचा चेहरा खर्रकन उतरतो. तिला वाटतं, टपालवाल्यानं कायतरी दडवलं, पत्रात वंगाळ असणार.

एकदा पोट बिघडलं म्हणून मी वरच्या धनगरवाड्यावर गूळ नाकारला. तिथली म्हातारी पोराच्या नावानं चार दिवस रडत बसली. शेवटी तिच्यासाठी मुद्दाम डोंगर चढून गेलो, तेच पत्र पुन्हा वाचलं, आणि तिच्यादेखत दोन खडे खाल्ले, तेव्हा कुठं तिनं चूल पेटवली. त्यानंतर मी कुणाला नको म्हटलं नाही. गुळावर पाणी, पाण्यावर चहा. चहा म्हणजे नुसता पाकच, कारण टपालवाल्याला अगोड चहा दिला तर घराची लाज जाते. दिवसाला किती घरं व्हायची ते मी कधी मोजलं नाही. चालणाऱ्याला सगळं जिरतं, असं मला वाटायचं.

काटा

तहान लागायला लागली. साधी नव्हे, झऱ्याला तोंड लावलं की उठूच नये असं वाटायचं. मग लघवी. दर दोन शेताआड झुडूप गाठायचो. घरामागं जिथं बसायचो तिथं मुंग्यांची रांग लागायची. माझ्या बायकोनं, चंद्रानं, ती पाहिली होती. ती म्हणाली, “हितं कुणी साखर सांडली वं?” दोघंही हसलो. आज आठवलं की स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

मग एके दिवशी संध्याकाळी घरी आलो, पायरीवर बसून वहाणा काढल्या, आणि चंद्रा ओरडलीच. “अवो, पायातनं रगत येतंय! कळंना व्हय तुमास्नी?”

पाहतो तर उजव्या पायात बाभळीचा काटा, वहाणेचा तळ फोडून आत मोडलेला. जखमेच्या कडा पांढऱ्या पडलेल्या. म्हणजे काटा आजचा नव्हता. दोन दिवस, कदाचित तीन, मी तो पायात घेऊन डोंगर चढत-उतरत होतो आणि मला पत्ताच नव्हता. चंद्रानं सुईनं काटा काढला. मी तिच्याकडं बघत होतो, आणि पाय दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखं वाटत होतं. त्या वेळी मला पहिल्यांदा भीती वाटली.

हळद भरली, कडुनिंबाचा पाला बांधला. जखम भरायचं नाव घेईना. आठवड्यानं तिला वास यायला लागला, तेव्हा पौडच्या दवाखान्यात गेलो.

निदान

पौडच्या डॉक्टरांनी लघवी तपासली, साखर सापडली. त्यांनी मला टेबलावर आडवं केलं, उजव्या बरगडीखाली बोटं खुपसली, आणि म्हणाले, “लिव्हर चांगलंच सुजलंय. कधीपासून पितोस?”

“काय?”

“पाणी नाही विचारत मी. दारू.”

“मी दारू पीत न्हाई, साहेब.”

“सगळे असंच म्हणतात. दारूबंदीनं पिणारे बंद होत नाहीत, खोटं बोलणारे वाढतात.” बाहेर बाकावर पाचपंचवीस माणसं बसली होती. दार उघडंच. “हे बघ, साखरेचा आजार बसून खाणाऱ्या शेठ लोकांना होतो. तू दिवसभर चालणारा गडी. तुला तो झाला, म्हणजे लिव्हर खराब करून घेतलंस म्हणून झाला. आणि खेड्यात लिव्हर कशानं खराब होतं ते मला शिकवू नकोस.”

तळपायाची आग मस्तकाला गेली म्हणतात. माझ्या तळपायाला तर काहीच कळत नव्हतं, पण मस्तक पेटलं. तरी गप्प बसलो. पाय त्यांच्या हातात होता. त्यांनी पुण्याच्या मोठ्या इस्पितळाच्या नावानं इंग्रजीत चिठ्ठी लिहिली, पाकिटात घातली, डिंक लावला आणि माझ्या हातात दिली.

आयुष्यभर मी दुसऱ्यांची पत्रं पोचवली, वाचून दाखवली. आणि माझ्याबद्दल लिहिलेलं पाकीट मी एसटीत मांडीवर घेऊन, दुमडू नये म्हणून जपत, पुण्यापर्यंत स्वतः पोचवलं. आत काय आहे हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर घाटात खिडकीतून फेकून दिलं असतं.

इकडं गावी ती बातमी माझ्याआधी पोचली. बाकावरच्या माणसांनीच नेली असणार. पुढच्या हप्त्यात पोलीस हवालदार येऊन माझी रिकामी थैली हुंगून गेला, टपालातनं बाटल्या पोचवतो की काय म्हणून. हे मला चंद्रानं नंतर सांगितलं.

सतरा नंबर

वॉर्डात माझी खाट सतरा नंबरची. पहाटे उठवायचे, लघवी घ्यायचे. काचेच्या नळीत निळं औषध, त्यात लघवीचे थेंब, आणि स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर बरीच, आणि विटेसारखं लाल झालं तर पुरता बोजवारा. माझी नळी रोज लाल. मग सिस्टर सुई उकळून आणायच्या आणि दंडात इन्सुलिन टोचायच्या. त्याच्यानं साखर उतरते म्हणत. वीस युनिट दिलं, चाळीस दिलं, साठ दिलं. नळी लालच.

मोठे डॉक्टर सकाळी फेरीला यायचे, मागं पाचसहा विद्यार्थी. खाटेशी थांबून विचारायचे, “आपला दारूवाला कसा आहे?” मला नव्हे, सिस्टरना. मी तिथं जिता-जागता पडलेला, दोन कान असलेला माणूस.

एके दिवशी म्हणाले, “एवढ्या इन्सुलिननं घोडासुद्धा आडवा होईल. हा चोरून खातोय. शोधा.”

आणि शोधलं हो! माझी उशी उसवली, गादी उलटी केली, चंद्रा आणायची ती पिशवी सगळ्या वॉर्डासमोर खाटेवर पालथी केली. निघालं काय? एक धोतर, तंबाखूची रिकामी डबी आणि देवाचा अंगारा. एकानंही ‘चुकलं’ म्हटलं नाही. अठरा नंबरच्या म्हाताऱ्यानं तेवढं माझं धोतर घडी घालून परत पिशवीत ठेवलं. वॉर्डात माझ्याशी नीट वागलेला पहिला माणूस तो, आणि त्याला स्वतःला नीट दिसतही नव्हतं.

यापेक्षा लागलं ते चंद्राचं. दुपारी भेटीच्या वेळेला आली, बराच वेळ पदर पिळत बसली आणि हळूच म्हणाली, “मी कुणाला सांगायची न्हाई. पर खरं सांगा, कवा घितली व्हती का? वाड्यावर कुणी बळं पाजली आसंल...”

“तूबी?” मी म्हटलं. “सतरा वर्सं माझ्या हातरुनात निजलीस, तुला वास आला आसता का न्हाई?”

“आवो, पर एवढी शिकल्याली मानसं लबाड बोलत्यात व्हय?”

“चालती हो,” मी ओरडलो. “जा मुळशीला. आन् परत येऊ नगंस.”

ती उठली आणि गेली. पाणी भरलेला तांब्या मात्र माझ्या हाताशी सरकवून गेली. मी रागानं तो प्यायलो नाही. मग तहान आवरेना, तेव्हा प्यायलोच.

दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी पाय उघडून पाहिला. मधली दोन बोटं काळी पडत चालली होती. ते विद्यार्थ्यांना म्हणाले, “साखर ताब्यात येत नाही, पेशंट सहकार्य करत नाही. सोमवारी पाय घोट्याच्या वर काढू.” मग माझ्याकडं वळून पहिल्यांदा थेट बोलले, “अंगठा कर कागदावर.”

“मला सही येती,” मी म्हणालो. “पर मी करनार न्हाई.”

पोस्टमनचा पाय! त्याच्याशिवाय मी काय होतो? दोरीला बांधलेलं टपाल काय माझ्यामागं घरंगळत येणार होतं?

तुम्ही

डॉक्टरीणबाई त्याच आठवड्यात आमच्या वॉर्डात नव्या आल्या. बारीक चणीच्या, चष्मा, बोलणं तुटक. त्या खाटेशी आल्या आणि म्हणाल्या, “तुम्ही सही का करत नाही?”

तुम्ही! दोन हप्त्यांत पहिल्यांदा मला कुणी तुम्ही म्हटलं. मला एकदम रडूच आलं आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. सगळं भडाभडा ओकलो. दारू घेत नाही, चोरून खात नाही, माझं कुणी ऐकत नाही, आणि मला दारूवाला म्हणायचं कुणी ठरवलं ते तरी सांगा.

बाईंनी केसपेपर चाळला. मधे ते पाकीट टाचलेलं होतं. मीच आणलेलं. त्यांनी आतला कागद काढला, वाचला, आणि मराठीत मला वाचून दाखवला: ‘हा माणूस जुना दारुडा आहे. विचारल्यावर खोटं बोलतो. याच्या शब्दावर विश्वास ठेवू नये.’

वाईट पत्र वाचायची वेळ माझ्यावर शेकडो वेळा आली असेल. समोरचा माणूस कसा गप्प होतो ते मला माहीत आहे. त्या दिवशी मी तसा गप्प झालो.

“साहेबांचा यावर विश्वास बसला, कारण लिव्हर खरंच सुजलंय,” बाई म्हणाल्या. “मी तपासून बघते. आज संध्याकाळी सहाला जेवा. नंतर सकाळपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. तुमच्या खाटेशी सिस्टर खुर्ची टाकून बसतील. चालेल?”

“बेड्या घाला म्हनलं तरी चालंल.”

सकाळी नळी तापवली. लाल. म्हटलं, संपलं. पण बाईंचा चेहरा खुलला. त्या सिस्टरना म्हणाल्या, “बारा तास हा माणूस नजरेसमोर होता. याच्या पोटात कण गेला नाही. मग ही साखर आली कुठून?”

आणि त्यांनी मला जे सांगितलं ते जसं समजलं तसं लिहितो. आपण खातो त्यातली साखर लिव्हर साठवून ठेवतं, आणि आपण उपाशी असलो की थोडी थोडी रक्तात सोडतं. इन्सुलिनचं एक काम म्हणजे त्याला सांगायचं, बास, आता सोडू नको. पण माझ्या लिव्हरमधे चरबी भरली होती. दारूनं भरते तशीच ती नुसत्या गुळा-साखरेनंही भरू शकते, सगळ्यांनाच नाही, पण काहींना, चालणाऱ्यांनासुद्धा. आणि चरबीनं भरलेलं लिव्हर इन्सुलिनचं ऐकत नाही. साखर सोडतच राहतं.

“म्हंजी टपाल पोचतंय,” मी म्हणालो, “पर घरातला मानूस दार उघडंना.”

“अगदी तसंच. आणि आम्ही काय करतोय, तर पत्रांवर पत्रं धाडतोय.” त्या पहिल्यांदा हसल्या. “सगळं आम्हालाही कळलेलं नाही हो. पण ती चरबी उतरली तर ते ऐकायला लागेल असं मला वाटतं. गूळ किती खाता?”

मी सांगायला लागलो. वाड्या, पत्रं, गूळ, चहा. त्या लिहून घेत होत्या, लिहिता लिहिता थांबल्या आणि चष्मा काढून माझ्याकडं बघत राहिल्या.

त्या मोठ्या डॉक्टरांकडं गेल्या. काय बोलणं झालं ठाऊक नाही, दार बंद होतं. माझ्या वेळी दार उघडं, मोठ्या माणसांच्या वेळी बंद. बाहेर येऊन म्हणाल्या, “पंधरा दिवस मिळालेत. तेवढ्यात साखर उतरली नाही तर मी काही करू शकणार नाही.”

आक्का

एक भाकरी, पालेभाजी, ताक. दिवसाला एवढंच. भुकेनं मी वॉर्डातल्या सगळ्यांशी भांडलो, अठरा नंबरशीसुद्धा. पण पाचव्या दिवशी नळी लालवरून नारिंगी झाली. सातव्या दिवशी पिवळट. बाई रोज बरगडीखाली बोटं लावायच्या. आधी लिव्हर चार बोटं खाली लागत होतं, आता तीन म्हणाल्या.

मी हरखलो आणि चंद्राला निरोप धाडला: दारू न्हवतीच, लिव्हरचा दोष निघाला, ये. हा निरोप तिनं माझ्या थोरल्या बहिणीला सांगितला. आक्का घोटावड्यात दिलेली. तिच्या घरचा ऊस, घरचं गुऱ्हाळ. धाकट्या भावाचं लिव्हर बिघडलं म्हटल्यावर ती घरी थांबते कशाला? रोज सकाळच्या पहिल्या गाडीनं पुण्यात यायला लागली. पदराखाली पितळी तांब्या, त्यात ताजा उसाचा रस, वर आलं आणि लिंबू.

“पी,” म्हणायची. “लिवरला ह्याच्यावानी औशीद न्हाई. तुझ्या भाच्याला कावीळ झालती तवा ह्याच्यावरच उठला.”

मी प्यायलो. लिहितानाही लाज वाटतेय, पण प्यायलो. सात दिवस गुळाचा खडा तोंडात घातला नाही, चहा सोडला, आणि हा रस मात्र सरळ तोंडाला लावला. कारण माझ्या लेखी ते खाणं नव्हतंच, ते औषध होतं. काविळीला उसाचा रस आमच्याकडं पाळण्यातल्या पोरालाही देतात. बाईंनी विचारलं, “बाहेरचं काही खाल्लं?” मी छाती फुगवून सांगितलं, “कण न्हाई.” आणि मला ते खरंच वाटत होतं.

रस सुरू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी नळी लाल. चौथ्या दिवशीही लाल. बोटांचा काळेपणा वर सरकला. मी सिस्टरवर तोंड टाकलं, तुम्ही नळ्या बदलता, माझ्यावर डूख धरलाय. मोठे डॉक्टर येऊन बाईंना सगळ्यांसमोर म्हणाले, “त्या चिठ्ठीत शेवटचं वाक्य काय होतं, आठवतंय ना?” बाईंनी माझ्याकडं नुसतं पाहिलं. दारूवाला म्हणवून घेताना जेवढं लागलं नव्हतं तेवढं ते पाहणं लागलं.

मुंग्यांनी घोळ उघडा केला. खाटेखाली रिकामा तांब्या पडला होता, आक्का दुसऱ्या दिवशी न्यायची. बाईंनी खाली पाहिलं तर मुंग्यांची रांग भिंतीपासून थेट तांब्यात. त्यांनी तो उचलला, हुंगला.

“हे काय?”

“औशीद,” मी म्हणालो. आणि म्हणता म्हणताच मला कळलं.

आक्का आली तेव्हा मी तिच्यावर असा धावलो की अठरा नंबरनं मला धरलं. “माझा पाय खाल्लास तू! सख्ख्या भावाचा पाय खाल्लास!” ती जमिनीवर बसली आणि ऊर बडवायला लागली. “लिवर म्हंजी कावीळच की रं! समदं जग रस देतंय! म्या काय इख दिलं व्हय तुला? पहाटंची उटून चरक्यात ऊस घालत हुते मी!”

बाईंनी तिला हाताला धरून उठवलं. “आक्का, यांचं चुकलं नाही, तुमचंही नाही,” त्या म्हणाल्या. “पलीकडच्या वॉर्डात काविळीच्या पेशंटला आम्ही स्वतःच ग्लुकोजचं पाणी पाजतो. लिव्हरचा दोष म्हणजे दर वेळी कावीळ नव्हे, हे मी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही.”

एवढ्या शिकलेल्या माणसांत ‘माझं चुकलं’ असं म्हणालेली ती एकटी. माझा राग तरी लगेच उतरला नाही. आक्काशी मी दोन दिवस बोललो नाही. ती मात्र रोज आली, रिकाम्या हातानं, आणि पायथ्याशी बसून राहिली. तिसऱ्या दिवशी चंद्रा आली. आमचं भांडण कुणीच मिटवलं नाही, ती आली आणि बसली, एवढंच. दोघी माझ्या खाटेशी पहारा द्यायच्या. शेजारच्यानं केळं सोलायला घेतलं तरी दोघी एकदम वळून बघायच्या.

पंधरापैकी चौदाव्या दिवशी नळी पिवळी. पंधराव्या दिवशी सकाळी हिरवी. बाईंनी ती खिडकीशी धरली, मला दाखवली, आणि धावतच मोठ्या डॉक्टरांकडं नेली. पुढं इन्सुलिन साठावरून चाळीसवर आलं, मग तीसवर. लिव्हर एक बोट राहिलं. ते ऐकायला लागलं होतं.

रसाच्या त्या दिवसांची किंमत मात्र द्यावी लागली. दोन बोटं गेली. ती मी सही करून दिली, आनंदानं. पाय राहिला.

मोठे डॉक्टर शेवटच्या दिवशी फेरीला आले आणि म्हणाले, “सतरा नंबर घरी.” दारूवाला म्हणाले नाहीत. माफीही मागितली नाही. मी वाट बघत होतो.

दुसरी चिठ्ठी

निघताना बाईंना म्हटलं, “पैली चिठ्ठी मीच आनली व्हती. आता मला दुसरी द्या. पौडला मीच पोचवतो.”

त्यांनी लिहिली. इंग्रजीतच, कारण डॉक्टर डॉक्टरला इंग्रजीत लिहितो म्हणे. पण या वेळी पाकीट चिकटवायच्या आधी त्यांनी मला ती मराठीत सांगितली.

चंद्रा आणि मी पौडला एसटीतून उतरलो. सकाळची वेळ, बाकावर गर्दी, दार नेहमीप्रमाणं उघडं. मी आत गेलो आणि पाकीट टेबलावर ठेवलं. डॉक्टरांनी मला ओळखलं, खाली पायाकडं पाहिलं. पाकीट फोडलं. वाचताना ओठ हलत होते, आवाज नव्हता. वाचून त्यांनी कागद खणात ठेवायला घेतला.

“मोठ्यानं वाचा,” मी म्हणालो. “मराठीत. मला इंग्रजी येत न्हाई.”

“नंतर बघू. बाहेर पेशंट आहेत.”

“त्ये तवाबी व्हते.”

मी हललो नाही. बाकावरचं बोलणं थांबलं. कुणीतरी दाराशी येऊन उभं राहिलं. डॉक्टरांनी घसा साफ केला आणि वाचलं. ‘या गृहस्थांनी कधीही मद्य घेतलेलं नाही. यांच्या यकृताची सूज चरबीची होती, ती पथ्यानं उतरली आहे, आणि साखर ताब्यात आहे. आपल्या चिठ्ठीमुळं यांच्यावर अविश्वास दाखवला गेला आणि यांचा पाय जवळजवळ गेला होता. हे गृहस्थ खरं बोलतात.’

चंद्रा माझ्यामागं उभी होती. ती पुढं आली. पदराची गाठ सोडली, आतून गुळाचा खडा काढला आणि डॉक्टरांच्या हातावर ठेवला. मला तिनं याबद्दल काहीच सांगितलं नव्हतं.

“चांगलं पत्र वाचलं की आमच्यात वाचनाऱ्याला गूळ देत्यात,” ती म्हणाली. “खावा.”

“अहो, ठेवा, मी नंतर...”

“नंतर न्हाई. हितंच खावा. न्हाई खाल्लं तर लोकास्नी वाटंल, पत्रात कायतरी वंगाळ हाय.”

डॉक्टरांनी एकदा दाराकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग खडा तोंडात घातला. तो संपेपर्यंत मी तिथंच उभा राहिलो, दोन्ही पायांवर.